ताई, आज बरं वाटतंय ना?

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई तालुक्याच्या गावी समुपदेशनाचं काम करतात. वय छत्तीस. मानसशास्त्रात एम.ए., त्यानंतर समुपदेशनाची पदविका आणि गेली पाच वर्षं स्वतःची खोली. गावात हे काम करणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस, रोज पाठोपाठ सात सेशन होतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्वतःला नैराश्याचा त्रास सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. दर दीड महिन्याला त्या पहाटेच्या एसटीने मोठ्या शहरात जातात आणि औषधंही तिथूनच आणतात, कारण गावातला मेडिकलवाला ओळखीचा. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे.

त्यांच्याकडे कॉलेजातली एक वीस वर्षांची मुलगी येते. वडील पिणारे, आई सतत आजारी. सहावीत असल्यापासून घर हीच सांभाळते. चार महिन्यांपूर्वी एका सेशनमध्ये ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार ताई, तुमचं सगळं नीट आहे." बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मला कळतं गं. मी स्वतः गोळ्या घेते." मग पाच-सात मिनिटं त्या स्वतःबद्दलच बोलत राहिल्या, डोळे भरून आले. तेव्हापासून मुलगी दर गुरुवारी खुर्चीत बसायच्या आधी विचारते, "ताई, आज बरं वाटतंय ना?" दोनदा डबा घेऊन आली. मागच्या महिन्यात बाईंना बाहेरून कळलं, की ती तीन आठवडे कॉलेजला गेलीच नव्हती. सेशनमध्ये तिने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "तुम्हालाच बरं नव्हतं, म्हणून नाही बोलले." तिने आणलेला दुसरा डबा अजून बाईंच्या ओट्यावर पडून आहे.

बाई विचारतात: "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण अशी माझी गत झाली आहे. मी हे काम सोडावं का? की गोळ्या बंद करून आधी पूर्ण बरी होऊ? की १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, सगळं फेसबुकवर लिहून मोकळी होऊ? या मुलीला दुसरीकडे पाठवू का? आणि कायद्याने मला काही अडचण येईल का?"

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी गोळ्यांचं बोलू, कारण त्यात थांबून चालणार नाही. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्याकडे येणाऱ्यांना हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! तुम्ही घेता तसलं औषध एकाएकी थांबवलं, की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिणी उठल्यासारखं वाटतं. आणि मूळ दुखणं परत डोकं वर काढण्याची भीती असते ती वेगळीच. डोस उतरवायचा असेल तर तुमचे डॉक्टर तो पायरीपायरीने उतरवतील. पुढच्या खेपेला त्यांना विचारा. पण "आता मी औषधावर नाही" असं क्लायंटसमोर मनातल्या मनात म्हणता यावं, एवढ्यासाठी औषध सोडायचं, तर ज्या क्लायंटसाठी सोडताय त्यांच्यासमोर दोन महिन्यांनी कोणत्या अवस्थेत बसाल याचाही विचार करा.

आता त्या म्हणीचं. कोरडा पाषाण कोणाला म्हणायचं? दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः करत नाही त्याला. तुम्ही लोकांना सांगता, मन दुखत असेल तर लाज न बाळगता तज्ज्ञाकडे जा, औषध लिहून दिलं तर घ्या, मध्येच सोडू नका. आणि गेली दोन वर्षं तुम्ही नेमकं तेच करताय, पहाटेची एसटी पकडून, एक दिवसाची कमाई बुडवून. ही म्हण तुम्हाला कुठून लागू होते, हे पत्र तीनदा वाचूनही मला कळलं नाही. मला वाटतं, तुमच्या मनातलं खरं वाक्य वेगळं आहे: समुपदेशकाला हे होताच कामा नये. ते कोणी घातलं तुमच्या डोक्यात? मधुमेह असलेले डॉक्टर मधुमेहाचे पेशंट रोज तपासतात. त्यांची साखर आटोक्यात आहे ना, ते स्वतःचं पथ्य पाळतात ना, एवढंच बघायचं असतं. तुमच्या बाबतीतही प्रश्न एवढाच आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

कायद्याची भीती मात्र लगेच बाजूला ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्वच्छ म्हटलंय, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. तसं ठरवायचं तर सक्षम न्यायालयानेच. त्याच कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचं. ते आपण क्लायंटच्या बाजूने पाठ केलेलं असतं, पण तुम्हीही कोणाच्या तरी रुग्ण आहात आणि तुमच्या डॉक्टरांवर तुमच्याबद्दल तेच बंधन आहे. नोंदणीचं म्हणाल, तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते. समुपदेशकांना कक्षेत घेणारा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा २०२१ मध्ये आला. उपचार घेणं हा गुन्हा नाही आणि गैरवर्तनही नाही. आपली क्षमता खालावलेली कळत असूनही काम रेटत राहणं, हे मात्र आपल्या व्यवसायात चूक मानतात आणि ते योग्यच आहे.

आता त्या मुलीकडे येते. तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल चार पानं आहेत आणि तिच्याबद्दल पाऊण. हे दोष द्यायला म्हणून सांगत नाही. तुम्ही किती घाबरला आहात ते त्यातून दिसतं. पण गाठ त्या पाऊण पानातच आहे.

ती सहावीपासून घर सांभाळते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अकरा-बारा वर्षांची असल्यापासून या पोरीला कडी वाजली की कळत असणार, वडील आज कसे आलेत. आईच्या उठण्या-बसण्यावरून कळत असणार, आज भाकऱ्या आपल्याला थापायच्या आहेत का. अशा घरातली मुलं चेहरे वाचण्यात तरबेज होतात, आणि स्वतःचं काही दुखत असेल तर ते सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मागे ठेवतात. गुरुवारचा एक तास तिला असा मिळाला होता, की जिथे समोरच्याचा चेहरा वाचायची गरज नव्हती. तुमच्या त्या पाच-सात मिनिटांत तो तास तिच्या हातून निसटला. "ताई, आज बरं वाटतंय ना?" हा प्रश्न ती घरी रोज विचारत असेल, फक्त 'ताई'च्या जागी 'आई' म्हणून. डबाही त्याच सवयीने भरला गेला. आणि तीन आठवडे कॉलेज बुडाल्याचं तिने सांगितलं नाही, ते तुम्हाला लपवणं वाटलं. मला ती तिची जुनी शिस्त वाटते. आजारी माणसाच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही.

म्हणून मला विचाराल, तर तुम्ही गोळ्या घेता हे तिला कळल्याने फार बिघडलेलं नाही. "तुमचं सगळं नीट आहे" असं ती म्हणाली, तेव्हा "माझंही सगळं नीट नसतं गं, पण तुला काय वाटतंय ते मला तुझ्याकडून ऐकायचंय" एवढं बोलून तुम्ही तिच्याकडे वळला असता, तर कदाचित तिला बळच आलं असतं. समुपदेशकाने स्वतःबद्दल चकार शब्द काढू नये, या मताची मी नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत माणूस उभा राहतो आणि "मी मद्यपी आहे" इथूनच सुरुवात करतो; १९३५ पासून जगभर या बोलण्याने माणसं सावरत आली आहेत. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. व्यसनातून बाहेर पडलेले कितीतरी जण पुढे तिथेच कामाला लागले, आणि "मीपण तुझ्याच जागी होतो" हे त्यांच्या तोंडचं वाक्य नव्या माणसाला धीर देतं. पण सभेत सगळे एका सतरंजीवर बसलेले असतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, मग दुसऱ्याची पाळी येते. तुमच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि तो तास एकटीच्या नावावर आहे. तिथे तुमची पाळी येत नाही.

स्वतःचं काही सांगावंसं वाटलं, की मी मनात एकच प्रश्न विचारते: हे ऐकल्यावर समोरच्याला माझी काळजी घ्यावी लागेल का? उत्तर 'कदाचित' असलं तरी मी गप्प राहते. जखमेवर खपली धरलेली असेल तर एका वाक्यात सांगून पुढे जाता येतं. ओली असेल तर बोलणं आपल्या हातात राहत नाही. त्या दिवशी तुमचं तेच झालं.

माझंही झालं होतं. माझे वडील १९९८ मध्ये गेले आणि मी पंधराव्या दिवशी कामावर हजर. तेव्हा एक गृहस्थ येत असत, तरुण मुलगा अपघातात गेलेला. ते मुलाच्या चपलांबद्दल सांगत होते, दाराबाहेर अजून तशाच ठेवल्यात म्हणून, आणि मला एकदम रडू फुटलं. थोडंथोडकं नाही, हुंदके. ते उठले, कोपऱ्यातल्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यानंतर ते तीनदा आले. तिन्ही वेळा आधी माझी चौकशी केली, मग "आता माझं बरंच ठीक आहे" म्हणाले, आणि चौथ्यांदा आलेच नाहीत. कित्येक महिने मी मनाशी धरून बसले होते, की माझ्या रडण्यामुळे ते गेले. शेवटी माझ्या ज्येष्ठ बाईंपुढे एकदाचं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रडलीस ते रडलीस. पुढच्या तीन वेळांत तू तो विषय का काढला नाहीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गृहस्थ मला जपत होते आणि मी त्यांना जपू देत होते, कारण त्या दिवसांत मला ते हवं होतं. हे कबूल करायला मला बराच काळ लागला.

तुमच्या हातात मात्र अजून गुरुवार आहे. ती मुलगी अजून येतेय.

तिने विचारलं, की "हो हो, मी छान" म्हणून पुढे सरकू नका. "मला असं विचारत जाऊ नकोस" असंही नको. आपण आगाऊपणा केला असं वाटून ती आणखी मिटून जाईल. मी काहीसं असं बोलेन: "तू दर वेळी माझी चौकशी करतेस, ती मला पोचते. माझे उपचार नीट चालू आहेत. माझे डॉक्टर आहेत, घरचे आहेत, माझ्याकडे बघणारी माणसं आहेत. त्या दिवशी तुझ्या वेळात मी माझंच फार बोलले, ते माझं चुकलं. तेव्हापासून तुला इथे जपून बोलावं लागतंय का?" आणि मग थांबा. ती लगेच म्हणेल, "नाही ताई, तसं काही नाही." तिला तेच म्हणायची सवय आहे. तुम्ही आणखी थोडं थांबा. "कॉलेजचं नाही बोललीस, त्या दिवशी काय वाटलं होतं?" असं विचारता येईल. चुकलं म्हणताना आवाज पडू देऊ नका, डोळ्यांत पाणी आणून तर मुळीच नाही, नाहीतर ती उठून पुन्हा तुम्हालाच पाणी देईल. घरात तिची माफी कोणी कधी मागितली असेल, असं मला वाटत नाही. मोठं माणूस चुकलं म्हणतं आणि तरी कोसळत नाही, हे ती बहुधा पहिल्यांदा बघेल.

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरन या मानसशास्त्रज्ञांनी अशा उसवलेल्या जागांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. समुपदेशनातलं नातं कुठे ना कुठे उसवतंच. ते दोघांनी मिळून उघडपणे सांधलं, तर त्या सांधण्यातूनही माणूस बरा होतो, असं त्यांचं म्हणणं. माझा तीस वर्षांचा अनुभव त्याला दुजोरा देतो. पुढे कधीतरी, घाई न करता, तुम्हाला तिला विचारता येईल, "असं आणखी कोणाकोणाला विचारावं लागतं गं तुला?" ते उत्तर ऐकायला आठ-दहा गुरुवार लागतील. तिचं खरं काम तिथे आहे.

याच गुरुवारी आणखी एक गोष्ट विचारायचीच आहे, उद्यावर न टाकता. तीन आठवडे कॉलेज बुडवलं तेव्हा ती दिवसभर काय करत होती? झोप, जेवण कसं होतं? जगणं नको वाटतं का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे तिला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण स्वतः खचलेला समुपदेशक नेमका हाच प्रश्न टाळतो. उत्तराने काळजी वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं, घरातलं भरवशाचं माणूस सोबत घेणं, हे नेहमीसारखं करा. रात्री-अपरात्रीसाठी तिला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही तो असू द्या.

तिला आत्ता दुसरीकडे पाठवू नका, असं माझं मत आहे. या घडीला पाठवलंत तर तिला एकच कळेल: ताई माझ्यामुळे थकल्या. घरीही तिला हेच वाटत आलंय. पण तिला निवड जरूर द्या. "दुसऱ्या कोणाशी बोलणं सोपं वाटेल का? ऑनलाइनही सोय होते. मला वाईट वाटणार नाही." आणि सहा-आठ गुरुवारांनंतरही ती तुम्हालाच सांभाळत असेल, किंवा तिची वेळ जवळ आली की तुमच्याच पोटात गोळा येत असेल, तर पाठवा, तेव्हा मात्र रेंगाळू नका.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपलं त्याबद्दल. या चार महिन्यांत हे तुम्ही कोणाकोणाशी बोललात? नवरा, थोडंफार डॉक्टर, आणि आता मी. ज्याच्यासमोर दर महिन्याला आपलं काम मांडायचं, असं माणूस तुमच्या पत्रात कुठेच नाही. पाच वर्षं, दिवसाला सात माणसं, आणि सुपरव्हिजन शून्य. तुम्हाला वाटतंय, आजारपणामुळे तुमचा तोल गेला. मला वाटतं, धडधाकट माणसाचाही गेला असता. क्लायंटमुळे उपचार करणाऱ्याच्या मनात जे ढवळून निघतं, त्याकडे फ्रॉइडने १९१० मध्येच लक्ष वेधलं होतं आणि उपचार करणाऱ्याने आधी स्वतःचं मन तपासावं असं बजावलं होतं. ब्रिटनमध्ये समुपदेशकांची मोठी संघटना आहे, तिच्या मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, मग कामाला वीस वर्षं झालेली असोत. आपल्याकडे पदवी हातात पडली, पाटी लागली, की कोणी विचारायला येत नाही. शहरात निदान सहकारी भेटतात. तालुक्याच्या गावी समुपदेशक म्हणजे गावातल्या सगळ्या दुःखांचं एकच कोठार, आणि त्याला खिडकी नाही.

ती खिडकी तुम्हालाच पाडून घ्यावी लागेल. एखादा अनुभवी सुपरव्हायझर शोधा. आता ऑनलाइन होतं, त्यामुळे पुण्या-मुंबईतला किंवा ठाण्याचा असला तरी अडत नाही. महिन्यातल्या दोन सेशनची फी त्यासाठी बाजूला काढायची, जसं खोलीचं भाडं काढता. ते लगेच परवडत नसेल तर आजूबाजूच्या तालुक्यांतली तुमच्यासारखी एकेकटी माणसं गोळा करा. उपजिल्हा रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्राचे समुपदेशक असतात, किशोरवयीन मुलांच्या मैत्री क्लिनिकमध्ये असतात, महिला समुपदेशन केंद्रात असतात, एखाद्या मोठ्या शाळेत असतात. चौघी-पाच जणी जमल्या तरी पुष्कळ. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दार लावून दीड तास. क्लायंटचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही बोलायचं नाही. आणि प्रत्येकीने "तिचं काय झालं" इतकंच "मला काय झालं" हेही सांगायचं. क्लायंटकडून पहिल्या दिवशी जो फॉर्म भरून घेता, त्यात एक ओळ वाढवा: माझं काम चांगलं व्हावं म्हणून मी नाव न सांगता ज्येष्ठांशी चर्चा करते. तोंडीही सांगा. लोकांना ते आवडतं, असा माझा अनुभव आहे. बाई एकटीच्या मनाने काही करत नाहीत, असं वाटतं.

काम सोडावं का, हे मी इथून सांगू शकत नाही. तुमचे डॉक्टर सांगू शकतील, पण त्यांना तुम्ही कधी विचारलंय का? पुढच्या भेटीत लक्षणांची यादी दिल्यावर हेही विचारा: "मी आत्ता हे काम करण्याच्या स्थितीत आहे का? आणि काय दिसलं तर मी थांबावं?" ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा आणि नवऱ्यालाही वाचायला द्या, कारण घसरण सुरू झाली की ती आपल्याला सगळ्यात शेवटी कळते. माझ्या स्वतःच्या वहीत काही खुणा आहेत. मागच्या सेशनचं आठवेनासं होणं. एखाद्या क्लायंटने फोन करून वेळ रद्द केली की सुटल्यासारखं वाटणं, आणि तेही रोज. एखाद्याने "मला आता बरं वाटतंय" म्हणावं म्हणून आतून आतुर होणं, कारण त्याच्या बरं वाटण्यावर आपला दिवस अवलंबून असतो. ही तिसरी खूण लवकर ध्यानात येत नाही, म्हणून तिच्यावर जास्त लक्ष ठेवा.

आणि सात सेशन? कमी करा. चार, फार तर पाच, मध्ये पंधरा मिनिटं, त्या वेळात खोलीबाहेर पाय मोकळे करायचे. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा. "पण मी नाही घेतलं तर लोक कुठे जातील" असं तुम्ही म्हणाल. हेच वाक्य ती मुलगी तिच्या आईबद्दल म्हणते, नाही का?

राहिली १० ऑक्टोबरची गोष्ट. तुमच्या मनातला प्रामाणिकपणा मला दिसतो आणि त्याबद्दल आदर वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. स्वतःला इजा करणाऱ्या, मरणाच्या कडेला गेलेल्या माणसांसाठी ज्यांनी डीबीटी ही उपचारपद्धती उभी केली, त्या स्वतः १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी जाहीर सांगितलं २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात, आप्तस्वकीय आणि सहकाऱ्यांसमोर. त्याआधी त्यांच्या हातावरच्या खुणा पाहून एका रुग्णाने विचारलं होतं, तुम्ही आमच्यातल्याच एक आहात का? सांगायला त्यांना पन्नास वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं, इतकी वर्षं कोणावर येऊ नयेत. पण सांगितलं तेव्हा जागा त्यांनी निवडली, वेळ त्यांनी निवडली, आणि समोरच्यांनी आपल्याला सावरावं म्हणून त्या बोलत नव्हत्या. तुम्ही लिहिलंय, "लिहून मोकळी होऊ." मोकळं व्हायला तुमचे डॉक्टर आहेत, पुढे सुपरव्हायझर असेल. फेसबुकवर ते वाचायला ती मुलगी असेल, तिची मैत्रीण असेल, ज्यांच्या मुलाला तुम्ही परवापासून बघायला लागलात ते शिक्षक असतील. अकरा तारखेला खोलीत येणारं प्रत्येक माणूस आधी तुम्हाला विचारेल, आज बरं वाटतंय ना. ते पेलण्याइतकी ताकद आज तुमच्यात आहे, असं पत्रावरून वाटत नाही. या वर्षी नको. पुढे सुपरव्हिजनमध्ये दोन-तीनदा बोलून झाल्यावर पुन्हा विचार करा. तेव्हा लिहिलंत तर मी सगळ्यात आधी वाचेन.

तोवर गावात कोणाला कळलंच, आणि कोणी तोंडावर विचारलंच, तर एक वाक्य तयार ठेवा: "हो, मी उपचार घेते, मला गुण आहे." एवढंच, पुढे खुलासा नाही. चोरी पकडल्यासारखं त त प प झालं, की लोकांना त्यात चोरी दिसते.

ओट्यावरचा तो डबा गुरुवारी पिशवीत घालून न्या. पहिला डबा परत करताना तुम्ही त्यात काहीतरी घालून दिलं असेल, कारण रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हे आपल्या हाडात आहे. या वेळी लाडू-बिडू काही नको, देण्याघेण्याचा सिलसिला पुढे चालू राहतो. चिमूटभर साखर घाला, तेवढी रीत पुरे. आणि डबा आल्या आल्या देऊ नका. आधी बोलणं होऊ दे, तिचा तास पूर्ण तिचा होऊ दे, ती चपला घालत असेल तेव्हा दारात हातात ठेवा आणि म्हणा, "भाजी छान होती. पण पुढच्या गुरुवारी येताना हात मोकळे ठेवून ये."